वारं बघून निघायचं

आमच्या जेऊरमध्ये ‘पोरगा पायलट होतोय’ असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न असतो, “दौंडला का सोलापूरला?”

त्यात त्याची चूक नाही. जेऊर हे रेल्वेचं गाव. करमाळा तालुक्यातलं, दौंड-सोलापूर लाइनवरचं. मोजक्या गाड्या थांबतात, बाकीच्या धाडधाड निघून जातात. रेल्वेनं इंजिन ड्रायव्हरला लोको पायलट म्हणायला सुरुवात केल्यापासून आमच्याकडं पायलट म्हणजे तोच. सुरुवातीला आण्णा समजावून सांगायचे, “रेल्वेचा नाय ओ, इमानाचा.” मग समोरचा माणूस एकदा आण्णांकडं, एकदा त्यांच्या चपलेकडं बघायचा. काही दिवसांनी आण्णांनी समजावणं सोडून दिलं. “हां, सोलापूरला,” म्हणायचे आणि चहाचे पैसे देऊन निघायचे.

हा पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. जून २०२४ मध्ये त्याच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून मला सही करायची होती. कमर्शियल पायलट लायसन्सचा सगळा खर्च साधारण पंचेचाळीस लाख. त्यातले तीस बँकेचे. आमची चार एकर केळी-ऊस आहे, पण शेतजमीन तारण चालत नाही असं बँकेनं सांगितलं. मग करमाळ्यातला आण्णांचा एकुलता एक प्लॉट आणि माझ्या पगाराच्या स्लिपा. उरलेल्यापैकी अकरा लाख मी पुण्यात फ्लॅटसाठी साठवलेले होते.

सही करायच्या आदल्या रात्री मी झोपले नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ‘होऊन जाईल’ हे वाक्य मी ऑफिसमध्ये कुणाकडून ऐकून घेत नाही, आणि घरात तेच वाक्य मला तीस लाखांना विकलं जात होतं. मी वही घेतली आणि दोन रकाने केले. हा पायलट होऊ शकतो याचा पुरावा काय? आणि पुरावा नाही, नुसतं प्रेम आहे, असं कुठं कुठं आहे?

त्या वहीतलं इथं लिहितेय. थोडं तेव्हाचं, थोडं नंतर कळलेलं.

पहिली नोंद होती सायकल दुकानाची.

स्टेशन रोडला आमच्या मामाचं सायकल दुकान होतं. भाऊ सातवीपासून शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचा. आधी पंक्चरचं काम. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, कानस मारायची, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं. न थांबता ठिगळ चिकटवलं की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक शिव्या देत परत. मग मामानं त्याला चाकाचा आऊट काढायला शिकवलं. सायकल उलटी करून चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबरापाशी नजर लावायची आणि जिथं रिम एका बाजूला जाते तिथला स्पोक पाव फेरा आवळायचा, समोरचा पाव फेरा सैल करायचा. एकदम जास्त आवळला की चाक दुसरीकडंच वाकडं होतं. हे काम त्याला फार आवडायचं. जेवायला बोलावलं तरी यायचा नाही.

एकदा त्यानं एका आजोबांच्या सायकलचं मागचं चाक बसवून दिलं आणि रात्री जेवताना त्याला आठवलं की एका बाजूचा नट आवळलाच नाही. तो ताटावरून उठला, खिशात पान्हा घातला आणि तीनेक किलोमीटरवरच्या वस्तीवर चालत गेला. आजोबा झोपले होते. त्यानं बॅटरीच्या उजेडात नट आवळला आणि परत आला. आईनं विचारलं, “सकाळी गेला असतास तर?” तो म्हणाला, “सकाळी सहाला त्येंनी दूध घालायला सायकल काढली असती.”

त्याच दुकानाच्या भिंतीवर २०१६ पासून एक कात्रण चिकटवलेलं होतं. कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारा हा माणूस, आणि ते विमान त्या वर्षी मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं होतं. भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ते कात्रण दाखवायचा. मामा म्हणायचा, “आधी ह्या सायकलचं मडगार्ड बसव, मग इमान बांध.”

सायकल आणि विमानाचं नातं मात्र खरंच जुनं आहे. राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलचं दुकान होतं. १८९२ मध्ये सुरू केलेलं. विमानाच्या प्रयोगांचा सगळा खर्च त्यातूनच निघाला. १९०३ च्या विमानाचं इंजिनही त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत बनवलं. पण खरी गंमत वेगळी आहे. त्या काळी बरेच जण असं विमान करायला बघत होते जे आपोआप स्थिर राहील, जहाजासारखं सरळ जाईल. राइट बंधू सायकलवाले. त्यांना माहीत होतं की सायकल मुळात स्थिर नसतेच. चालवणारा ती क्षणाक्षणाला सावरत असतो, आणि वळायचं असेल तर आधी कलावं लागतं. त्यांनी विमान कलवता कसं येईल यावर काम केलं. १७ डिसेंबर १९०३ ला ते १२ सेकंद आणि १२० फूट उडालं.

हे सगळं मी वहीत पहिल्या रकान्यात लिहिलं आणि बरं वाटलं.

दुसरी नोंद पतंगांची. आमच्याकडं पतंगांचा जोर नागपंचमीच्या सुमाराला. भाऊ वावडी करायचा, म्हणजे ती मोठी, बांबूच्या कामट्यांची. कागद चिकटवण्यापेक्षा त्याचा वेळ कणी बांधण्यात जायचा. वरचा दोरा बोटभर आखूड केला की पतंग वाऱ्याला कमी आडवा होतो, जोराच्या वाऱ्यातही शांत राहतो. लांब केला की छाती काढून उभा राहतो आणि वारा पडला की धाडकन खाली येतो. विमानाच्या पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन हीच ती गोष्ट. कोन वाढवला की उचल वाढते, पण एका हद्दीनंतर पंखावरचा वारा सुटतो आणि उचल एकदम जाते. त्याला स्टॉल म्हणतात. भावाला हा शब्द बावीसाव्या वर्षी कळला. गोष्ट बाराव्या वर्षीच कळली होती.

ही नोंद लिहिताना मला आठवलं की त्या सगळ्या पतंगांची आसारी माझ्या हातात असायची. ढील दे म्हटलं की ढील, गुंडाळ म्हटलं की गुंडाळ. मला कधी कुणी पतंग धरू दिला नाही असं नाही. मीच मागितला नाही. बारामतीला विमान चालवायला शिकवतात, तिकडची छोटी विमानं कधीमधी उजनीच्या पाण्याकडं यायची. तेव्हा गच्चीवर आम्ही दोघंही असायचो. तो ओरडायचा, “आलं आलं!” मी नुसती बघत बसायचे. मला पुढं चांगले मार्क पडले, सीईटी झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, नोकरी लागली. ‘तुला काय व्हायचंय’ हा प्रश्न मला मार्क बघून विचारला गेला आणि उत्तरही मार्कांनीच दिलं.

आपल्या देशात महिला वैमानिकांचं प्रमाण जगात उठून दिसावं इतकं आहे. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, आपली पंधरा. सौदामिनी देशमुख या मराठी बाईंनी १९८५ मध्ये, सगळ्या महिला कर्मचारी असलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं होतं. हे मला भावाच्या कर्जाच्या वेळी शोधाशोध करताना कळलं. दहावीत कळलं असतं तर काही बदललं असतं का, याचं उत्तर मी त्या रात्री शोधलं नाही. सकाळी बँकेत जायचं होतं.

तिसरी नोंद माझ्या जुन्या लॅपटॉपची. मी इंजिनिअरिंगला असताना वापरलेला, पंखा घरघरणारा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बारावी होऊन भाऊ घरी बसला होता, तेव्हा मी त्यात फ्लाइटगिअर टाकून दिलं. हे विमान चालवण्याचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. जॉयस्टिक नव्हती. तो माउसनं सेसना चालवायचा. चार महिने रोज चालवली.

याचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. प्रत्यक्ष प्रशिक्षणात ही सवय त्याला नडली. सिम्युलेटरवर वाढलेली पोरं पडदा बघतात, म्हणजे विमानातही काट्यांकडं बघत बसतात. सुरुवातीच्या उड्डाणांत इन्स्ट्रक्टर सरळ एक कागद धरून काटे झाकायचे आणि म्हणायचे, बाहेर बघ, क्षितिज बघ. तेव्हा तो फोनवर रडकुंडीला आला होता. “ताई, मला वाटलं होतं मला येतंय.”

चौथी नोंद मी दुसऱ्या रकान्यात, म्हणजे ‘वाया गेलेला वेळ’ म्हणून लिहिली होती. कॉल सेंटर. पुण्यात दीड वर्षं, चौदा हजार पगार, बहुतेक रात्रपाळी. दिवसा तो डीजीसीएच्या पेपरांचा अभ्यास करायचा. नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल. प्रत्येक पेपरला पास व्हायला ७० टक्के. आमची शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना घसा सुकायचा. पहिल्या महिन्यात त्यानं तीनदा नोकरी सोडली आणि तीनदा परत गेला.

तिथं त्याला एकच गोष्ट दिवसातून दीडशे वेळा करावी लागायची. गिऱ्हाईक जे बोललं ते त्यालाच परत वाचून दाखवायचं. पत्ता, रक्कम, ऑर्डर नंबर. “म्हणजे तुम्ही अमुक म्हणताय, बरोबर?” समोरचा ‘हो’ म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही.

वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांच्यात नेमकं हेच चालतं. टॉवरनं जी परवानगी दिली ती वैमानिकानं शब्दशः परत म्हणायची, त्याला रीडबॅक म्हणतात. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यामागं अनेक कारणं होती, पण एक कारण अर्धवट ऐकलेलं, आपल्या सोयीनं समजून घेतलेलं बोलणं हे होतं. त्यानंतर रेडिओवरची भाषा आणखी काटेकोर झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष टेक-ऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’.

रेडिओच्या परीक्षेत भावाच्या बॅचमधली चांगली कॉन्व्हेंटची पोरं अडखळली. हा पहिल्या झटक्यात पास. त्यानंतर मी वहीतली ती नोंद खोडून पहिल्या रकान्यात घेतली.

आता दुसरा रकाना.

माझ्या क्षेत्रात एक चूक सगळेच करतात. जे टिकलं तेवढंच मोजायचं. यशस्वी माणसाच्या मुलाखती वाचल्या की वाटतं, लहानपणी रेडिओ उघडला म्हणून हा इंजिनिअर झाला. पण रेडिओ उघडलेली आणि परत न जोडता आलेली हजारो पोरं मुलाखत द्यायला येत नाहीत. मामाच्या दुकानात भावाबरोबर आणखी दोन पोरं शिकली. आऊट काढायला दोघांचाही हात भावापेक्षा चांगला होता. त्यातला एक आता टेंभुर्णीकडं टायरच्या दुकानात आहे, दुसरा केळीच्या गाड्या भरतो. दोघांनीही वावड्या उडवल्या होत्या. मग सायकल दुकान पायलट घडवतं असं मी कुठल्या तोंडानं लिहू?

फरक कशाचा, तर एकाच्या बहिणीला पगार होता.

नील आर्मस्ट्राँगची गोष्ट भावाला तोंडपाठ होती. ओहायोतल्या वापाकोनेटा या छोट्या गावात औषधाच्या दुकानात तो तासाला ४० सेंटवर काम करायचा आणि विमान शिकायला तासाला ९ डॉलर लागायचे. सोळाव्या वाढदिवशी त्याला विमानाचं विद्यार्थी लायसन्स मिळालं, मोटार चालवायच्या लायसन्सच्या आधी. अमेलिया इअरहार्टनं १९२१ मध्ये शिकायला सुरुवात केली तेव्हा ती फी भरायला टेलिफोन कंपनीत काम करत होती. बेसी कोलमन शिकागोच्या सलूनमध्ये लोकांची नखं कापायची. काळी आणि बाई म्हणून अमेरिकेत तिला कुणी शिकवेना, तर ती फ्रेंच शिकून फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये लायसन्स घेऊन आली.

या गोष्टी खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत. पण मी हिशेब केला. आर्मस्ट्राँगला एक तास उडायला साडेबावीस तास काम करावं लागलं. म्हणजे तीन दिवसांची नोकरी. माझ्या भावाला एक तास उडायला कॉल सेंटरमध्ये महिनाभराहून जास्त काम करावं लागलं असतं. लायसन्सला लागतात २०० तास. म्हणजे काही न खाता, भाडं न भरता सतरा-अठरा वर्षं. छोट्या नोकऱ्या माणसाला तयार करत असतीलही, त्या तयारीनं फी भरली जात नाही. ‘जिद्द असेल तर सगळं होतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

रात्री दोन वाजता दोन्ही रकाने असे समोर होते आणि माझं उत्तर ‘नाही’कडं झुकलं होतं. अकरा लाख माझे होते. हप्ते माझ्या पगारातून जाणार होते. लायसन्स मिळालं तरी मोठं विमान चालवायचं टाइप रेटिंग वेगळं, त्याचा खर्च वेगळा, आणि नोकरी लागेलच असं लिहून कोण देतं?

शेवटची नोंद राहिली होती. बोटीची.

भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि आमच्या भागातल्या गावांच्या मधे समुद्रासारखं पाणी आलं. पलीकडचा इंदापूर तालुका डोळ्यांनी दिसतो, पण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा. म्हणून लोक बोटीनं जातात. माणसं, मोटारसायकली, बकऱ्या, बाजाराच्या पिशव्या. दहावीनंतर दोन उन्हाळे आणि लॉकडाऊन उठल्यावर काही महिने भाऊ कुगावच्या बाजूला एका बोटीवर कामाला होता. दोर टाकायचा, डिझेल बघायचं, मोटारसायकली चढवायच्या, पैसे गोळा करायचे. पुढं पुढं सुकाणूही धरू लागला.

पहिल्याच आठवड्यात त्यानं मला सांगितलं होतं, “ताई, समोरच्या झाडाकडं जायचं असलं तर झाडाकडं तोंड करून जायचंच नाही. वारं जिकडनं येतंय तिकडं तोंड वाकडं ठेवायचं, मग आपण झाडाला लागतो.” विमानात याचा पेपर असतो. हेडिंग म्हणजे नाक कुठं आहे आणि ट्रॅक म्हणजे आपण खरंच कुठं चाललोय. आडव्या वाऱ्यात दोन्ही एक नसतात. पुस्तकात त्याचे त्रिकोण काढून गणितं सोडवतात. त्यानं ती गणितं घडाघडा सोडवली.

पण मी वहीत लिहिलं ते हे नाही. त्या बोटीचे मालक एक म्हातारे काका होते. ते कधी कधी बोट काढायचेच नाहीत. आकाश निरभ्र, पाणी शांत, वीस माणसं काठावर उभी, कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना. काका वायव्येकडं बघायचे आणि म्हणायचे, “आज नाय.” लोक शिव्या द्यायचे. जास्त पैसे देतो म्हणायचे. काका बिडी ओढत बसायचे. “वारं बघून निघायचं. घड्याळ बघून नाय.” भाऊ चिडायचा, कारण फेरी नाही तर त्यालाही पैसे नाहीत. आणि दहातल्या सात वेळा काहीच व्हायचं नाही. वारा यायचाच नाही. लोक दुसऱ्या दिवशी काकांना हसायचे. काका परत तेच करायचे.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली एक बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यात लहान मुलं होती. दोन दिवस शोध चालला. आमच्या सगळ्या भागात त्या आठवड्यात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

ती काकांची बोट नव्हती. काका त्याआधीच थकून घरी बसले होते. भाऊ त्या रात्री पुण्याहून गाडीनं जेऊरला आला आणि दोन्ही दिवस काठावर जाऊन उभा राहिला. परत आल्यावर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, “ताई, त्या पाण्यात मीपण कितीदा गेलोय. वारं आलं नाय म्हणून वाचलो.” जरा वेळानं म्हणाला, “आणि काकांना मी भित्रं म्हणायचो.”

सही करायची रात्र यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी आली. वहीत शेवटी मी एवढंच लिहिलं: नट आवळायला परत गेला. काकांची माफी मागायला गेला. कारण तो काकांकडं गेला होता, हे मला आईनं नंतर सांगितलं.

सकाळी मी सही केली. हे पुरावे तीस लाखांना पुरेसे नव्हते, आजही नाहीत. पण विमान हाताळण्याचं कसब शाळेत शिकवतात, त्याचीच फी असते. आपलं चुकलं हे कबूल करायला रात्री तीन किलोमीटर चालत जाणं शाळा शिकवते की नाही, मला माहीत नाही. ते आधीच आलेलं होतं, आणि त्याची फी मामानं आणि काकांनी घेतली नव्हती.

प्रशिक्षण राज्याबाहेरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सुरू झालं. तिथं छंदांचा खरा जमाखर्च निघाला. सकाळी उड्डाणाआधी पंखाखालच्या टाकीतून थोडं पेट्रोल काढून उजेडात धरायचं असतं. ते फिकट निळं असतं, आणि पाणी शिरलं असेल तर खाली वेगळं दिसतं. बोटीवर आणि चुलत्याच्या ट्रॅक्टरवर डिझेलमधलं पाणी काढलेला हा, त्याला ते सांगावं लागलं नाही. पण ‘मला येतंय’ या खात्रीनं दोनदा तो चेकलिस्ट हातात न घेता पाठ म्हणत गेला आणि दोन्ही वेळा इन्स्ट्रक्टरांनी त्याला विमानातून उतरवलं. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळलं. चालवणारे अत्यंत अनुभवी होते. शेपटीकडची हलती पाती जमिनीवर वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. कागदावरच्या चेकलिस्टची शिस्त त्यानंतर रुजली. ‘हातात कला आहे’ हे आमच्या गावात मोठं कौतुक. कॉकपिटमध्ये त्याच्यावर कुणी विसंबत नाही.

९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली. आण्णांना कोण आनंद. ‘सोलापूरला का?’ या प्रश्नाला ‘हां’ म्हणणं आता खोटं राहिलं नव्हतं. आणि तीनच दिवसांनी अहमदाबादचा अपघात झाला. विमानातले आणि खाली जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. आईनं टीव्ही बंद केला तो आठवडाभर लावला नाही. तिनं मला फोन करून एवढंच विचारलं, “तू सही केलीस ना?” त्यात आरोप होता की नाही ते मला कळलं नाही. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ठरल्याप्रमाणं उडाला. दुपारी त्यानं आईला व्हिडिओ कॉल केला आणि जेवणात वांगं होतं म्हणून तक्रार केली.

ऑक्टोबरमध्ये त्याचं लांबचं सोलो उड्डाण होतं. लायसन्ससाठी एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, एकट्यानं करावा लागतो. मधे दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. हे झालं की मोठा टप्पा संपतो. आदल्या रात्री आम्ही सगळ्यांनी त्याला शुभेच्छा दिल्या. आण्णांनी नारळ फोडला.

दुपारी साडेबाराला त्याचा फोन आला. आवाज पडलेला. पहिला टप्पा अर्धा होत आला असताना समोर ढग उभे राहायला लागले होते. हवामानाच्या अंदाजात नव्हते, पण उंच होत चालले होते. बाजूनं जाता आलं असतं कदाचित. त्यानं टॉवरला कळवलं आणि परत फिरला. तो उतरून तासभर झाला तरी तिकडं पाऊस पडलाच नव्हता. त्याच्या बॅचचा एक जण दुसऱ्या मार्गानं जाऊन पूर्ण करून आला होता.

“ताई, उगाच फिरलो वाटतं. बघ, ऊन पडलंय. ते तास परत उडवायला लागणार. तुझे पैसे गेले.”

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मी मनात आकडा केला, कारण मी तशीच आहे. हप्त्यापेक्षा जास्त रक्कम होती. मला काय बोलावं सुचेना. मग मी त्याला कॉन्फरन्सवर घेऊन घरी फोन लावला. आण्णांना सगळं सांगितलं. ढग, परत फिरणं, पैसे, पडलेलं ऊन.

आण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं केलंस. जेवलास का?”

हे लिहितेय तेव्हा डिसेंबर चालू आहे. उजनीवर पट्टकदंब आलेत, हिमालय ओलांडून. ते लांबचं उड्डाण त्यानं नोव्हेंबरात पूर्ण केलं. १६८ तास झालेत, ३२ राहिलेत. ते संपले की लायसन्स, त्यानंतर नोकरीची वाट बघणं, आणि काही महिन्यांत हप्ते पूर्ण रकमेचे सुरू होतील. फ्लॅटचं मी सध्या कुणाशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात तो दोन दिवस घरी आला होता. मामाचं दुकान आता बंद आहे, पण शटरच्या आत ते कात्रण अजून आहे, पिवळं पडलेलं. संध्याकाळी तो काकांकडं जाऊन आला. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाला, काकांना आता नीट ऐकू येत नाही. त्यांनी विचारलं, “काय करतूयास सध्या?” यानं मोठ्यानं सांगितलं, “पायलट!”

काका म्हणाले, “आरं वा. दौंडला का सोलापूरला?”